भिगवणकडच्या एकपदरी रस्त्यावर गाडी थांबवायची तरी कुठे?

धाविक_पुणे:
रविवारी भिगवणला गेलो होतो. उजनीच्या पाण्यावरचे रोहित (फ्लेमिंगो) बघून झाले. परत येताना कुंभारगावच्या अलीकडे, तोडणी झालेल्या उसाच्या फडावर भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) दिसला. नर, राखाडी, पंखांची टोकं काळी. ब्रेक मारला, गाडी होती तिथेच ठेवली, इंडिकेटर लावले आणि दुर्बीण घेऊन उतरलो. रस्त्याला चढ आहे हे डोक्यातही आलं नाही. तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, टेप फुल्ल. वाटलं, थांबेल. कसला थांबतोय! साईडपट्टीवर चाकं उतरवून गेला, ट्रॉलीबाहेर आलेले ऊस माझ्या आरशाला घासले. जाताना तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. दोन्हीकडे ऊस, मध्ये एवढासा रस्ता. आपण थांबायचं कुठे? आणि त्याने दोन मिनिटं दम धरला असता तर काय बिघडलं असतं?

दोन_ट्रॉली:
मी इंदापूर तालुक्यातला, हंगामात हेच काम करतो. तो मी नव्हतो, पण असतो तरी थांबलो नसतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढाला उभं राहिलं की परत उचलताना ट्रॅक्टर तोंड वर करतो. पुढची चाकं हवेत, मग स्टेअरिंग फिरवून उपयोग काय? मागं सरकला तर ट्रॉली आडवी, आणि मागं कोण असेल त्याचं काय होईल ते बघा. म्हणून आम्ही खालूनच गिअर धरून एका दमात चढतो. टेपचं म्हणाल तर आदली रात्र कारखान्यावर नंबरात, म्हणजे रांगेत, गेलेली असते, डोळा लागू नये म्हणून लावतो. शिवीचं समर्थन करत नाही.

आमचंही चुकतं. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाल पट्टी नसते, अंधारात दिसत नाही. तुम्ही रातवा (रात्री फिरणारा पक्षी) बघायला थांबता तेव्हा ते ध्यानात ठेवा.

सुगरण_बारामती:
धाविक, दार उघडल्यावर भोवत्या थांबला का? नसणारच. गाडीत बसून राहिलं की पक्षी गाडीला फारसं भीत नाहीत, माणूस उतरला की उडाले. आणि भोवत्या त्याच रानावर फेऱ्या मारतो, पुढे जाऊन सपाटीला थांबला असतात तरी दिसला असता. आम्ही गाडी गावात देवळापाशी विचारून लावतो आणि चालत जातो. टायरगाडी (उसाची बैलगाडी) दिसली की कडेला उभं राहायचं, हॉर्न अजिबात नाही. बैल बुजले तर गाडीवानाचे हाल. अजून एक, दुर्बीण पाण्याकडे वळवताना काठावर बायका धुणं धूत नाहीत ना ते आधी बघा. माझ्या भाच्याला यावरून चांगल्याच कानपिचक्या मिळाल्यात.

धाविक_पुणे:
भोवत्या गेलाच, खरं आहे. चढाचं मात्र कधीच सुचलं नसतं, @दोन_ट्रॉली. चढाच्या खाली पाटाच्या पुलाशी मोकळी जागा आहे, दोन गाड्या मावतील. पुढच्या वेळी तिथे लावू का?

दोन_ट्रॉली:
तिथून आत वस्तीची वाट जाते, सकाळी दूधवाला येतो. शेणखताची ट्रॉलीपण तिथंच वळते. पुलाच्या अलीकडे घर आहे, आजोबा ओसरीवर असतात. त्यांना विचारा, अंगणात लावू देतील. चहाला नाही म्हणू नका.