ओरेगन, १८७६: गव्हर्नर ग्रोव्हर यांचा निर्णय योग्य होता का?

कौस्तुभ: ७ नोव्हेंबर १८७६ ला अमेरिकेच्या ओरेगन राज्यात राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार हेज यांचे तिन्ही इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडायला मत देणारे राज्याचे प्रतिनिधी) हजाराहून थोड्या जास्त मतांनी निवडून आले. त्यांपैकी जॉन वॉट्स हे लाफायेट गावचे पोस्टमास्तर. केंद्र सरकारचे लाभाचे पद असलेल्याला इलेक्टर नेमता येत नाही, असे अमेरिकी संविधानाचे कलम २ सांगते. डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रोव्हर यांनी वॉट्सना वगळून क्रोनिन या पराभूत डेमोक्रॅटाला प्रमाणपत्र दिले. डेमोक्रॅट उमेदवार टिल्डन इलेक्टरांच्या १८४ मतांवर अडले होते, जिंकायला त्यांना एकच मत हवे होते. माझ्या मते वॉट्सना वगळणे योग्य, पण क्रोनिनना नेमणे हा जनादेशावरचा दरोडा.

शलाका: दरोडा कसला? वॉट्स पोस्टमास्तर आहेत हे मतदारांना ठाऊक होते. अपात्रता माहीत असून दिलेली मते बाद होतात, हा जुना इंग्रजी नियम आहे. पोस्टाच्या पदाचा राजीनामा त्यांनी मतदानानंतर दिला.

नचिकेत: तो नियम अमेरिकेतल्या बहुतेक न्यायालयांनी मानला नव्हता. अपात्र माणूस जिंकला तर निवड रद्द होते, दुसऱ्या क्रमांकाचा जिंकत नाही. जागा रिकामी राहिली तर हजर इलेक्टरांनी ती भरावी, असे ओरेगनचा कायदा सांगत होता. ६ डिसेंबरला सेलममध्ये ओडेल आणि कार्टराइट या बाकीच्या दोन रिपब्लिकन इलेक्टरांनी तेच केले: वॉट्सचा इलेक्टरपदाचा राजीनामा घेतला आणि त्यांनाच पुन्हा निवडले. तोवर पोस्टाचे पद सुटले होते.

शलाका: पण जागा आधी भरलेलीच नव्हती, मग ती ‘रिकामी’ कशी झाली? वादग्रस्त मतांचा निवाडा करायला काँग्रेसने नेमलेल्या पंधरा जणांच्या आयोगापुढे डेमोक्रॅटांचा खरा मुद्दा हाच होता.

कौस्तुभ: मुद्दा वजनदार आहे, पण क्रोनिननीच तो बुडवला. त्यांनी ओडेल आणि कार्टराइट यांच्या दोन जागा ‘रिकाम्या’ मानून भरल्या, त्या दोघांची मते हेजना गेली आणि स्वतःचे टिल्डनना! २३ फेब्रुवारी १८७७ ला पंधराच्या पंधरा सदस्यांनी क्रोनिनचे मत नाकारले. वॉट्सचे मत मात्र ८ विरुद्ध ७ ने धरले.

शलाका: डेमोक्रॅटांचा रोख आयोगाने आधीच हेजना दिलेल्या फ्लोरिडाच्या चार मतांवर होता. ओरेगनमध्ये गव्हर्नरच्या प्रमाणपत्रामागे जाऊन पाहायचे, तर तिथेही पाहावे लागले असते.

नचिकेत: दोन्हीकडे कसोटी एकच लावली गेली: राज्याच्या कायद्याने मतमोजणी करणाऱ्याचा निकाल अंतिम. ओरेगनमध्ये त्या मोजणीत वॉट्स पुढे होते. मला खटकतो तो इलेक्टरांची मते मोजण्याचा १८८७ चा कायदा. दोन सभागृहांत मतभेद झाला तर गव्हर्नरचे प्रमाणपत्र चालेल, असे त्याने ठरवले. १८७७ ला सिनेट रिपब्लिकनांकडे आणि प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडे होते. तो कायदा तेव्हा असता आणि बाकीचे निकाल तसेच राहिले असते, तर क्रोनिनच्या मतावर टिल्डन १८५ ने जिंकले असते.