भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, मग कॉलेजला प्रयोगात शिरता येतं का?

कणाद_सोलापूर
भारत 16 जानेवारी 2017 पासून सर्नचा (जिनिव्हाजवळची युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळा) सहयोगी सदस्य आहे. आमच्या पदव्युत्तर भौतिकी विभागाला त्या आधारे सीएमएससारख्या (कणांच्या टकरींची नोंद घेणाऱ्या) तिथल्या प्रयोगात थेट अर्ज करता येईल का? खर्च कोण उचलतं? विद्यार्थ्यांना जिनिव्हाला कसं जाता येतं? शिवाय, निर्वात यंत्रणेचे सुटे भाग बनवणाऱ्या पुण्याच्या एखाद्या कारखान्याला तिथलं कंत्राट मिळू शकतं का?

मेरां_मार्ग
सर्न ही संस्था वेगळी आणि तिथले प्रयोग वेगळे. बहुतेक गोंधळ हे दोन एकत्र धरल्यामुळे होतो.

सदस्यत्व सर्नचं, आणि ते देशाला मिळतं. सर्नच्या परिषदेत 25 पूर्ण सदस्य देशांना प्रत्येकी एक मत आहे, सहयोगी देशाला मत नाही. पूर्ण सदस्य म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाने जेवढी वर्गणी बसली असती, तिच्या किमान 10 टक्के सहयोगी देश भरतो. ती भारत सरकार भरतं, कॉलेजचा तिच्याशी संबंध येत नाही.

सीएमएस, अ‍ॅटलस, अ‍ॅलिस हे मात्र संस्थांनी मिळून चालवलेले प्रयोग. अमेरिका आजही सर्नची सदस्य नाही, तरी तिथल्या विद्यापीठांचा सीएमएसमध्ये फार मोठा वाटा आहे. भारताचंही तसंच. सदस्यत्वाच्या कितीतरी आधी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने सीएमएसचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलोरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) उभारला आणि इंदूरच्या आरआरकॅट या त्वरक-संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली एलएचसीच्या (सर्नच्या कण-त्वरकाच्या) चुंबकांना अचूक जागी टेकवणारे सुमारे 7000 जॅक पुरवले गेले.

म्हणून अर्ज प्रयोगाकडे करायचा. किती लोक, कोणतं काम, पैसा कुठून, हे लिहून द्यावं लागतं. सहभागी संस्थांच्या मंडळाची मंजुरी मिळाली की सामंजस्य करारावर सही होते. त्यानंतर देखभाल-खर्चाचा वाटा दरवर्षी येतो, आणि तो शोधनिबंधांवर नाव असलेल्या पीएचडीधारकांच्या संख्येवर ठरतो. अर्ज अडतात ते बहुधा दोन कारणांनी: फक्त डेटा-विश्लेषण करू म्हणणं (शिफ्ट, कॅलिब्रेशन, शोधकाची (कण टिपणाऱ्या उपकरणाची) जुळणी यांतलं काही अंगावर न घेता), आणि निधी देणाऱ्या खात्याचं पत्र नसणं. दोन-तीन प्राध्यापकांच्या विभागाने एकट्याने हा बोजा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. टीआयएफआर आणि पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था सीएमएसमध्ये आहेत, आयआयटी मुंबई अ‍ॅलिसमध्ये. त्यांच्यापैकी एकाशी आधी संयुक्त मार्गदर्शन सुरू करा.

प्रेव्हेसँ
विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र देशाचं सदस्यत्व थेट उपयोगी पडतं, कारण तिथे नागरिकत्व बघतात. 4 ते 12 महिन्यांची टेक्निकल स्टुडंटशिप, पीएचडीच्या विद्यार्थ्यांची योजना, फेलोशिप आणि मुदतीच्या नोकऱ्या भारतीय नागरिकांना सहयोगी सदस्यत्वामुळे खुल्या झाल्या. उन्हाळी विद्यार्थी योजनेत सदस्य नसलेल्या देशांतली मुलंही घेतात.

प्रयोगातर्फे जाणारा 'यूजर' असतो. त्याला सर्न पगार देत नाही. त्याने आपल्या संस्थेकडून पैशाची तजवीज झाल्याचा आणि स्वित्झर्लंड व फ्रान्स दोन्हीकडे चालणाऱ्या आरोग्य विम्याचा पुरावा द्यायचा असतो. आवार सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलंय, त्यामुळे तीन महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर दोन्ही देशांची कागदपत्रं बघावी लागतात. एकाच वकिलातीत जाऊन भागेल असं धरून चालू नका, सर्नच्या यूजर्स ऑफिसला आधी विचारा.

लेथ_आणि_लोखंड
कारखान्याबद्दल. भारतीय कंपन्या बोली लावू शकतात, पण देशाला मिळणाऱ्या एकूण कंत्राटांना वर्गणीच्या रकमेशी जोडलेली मर्यादा आहे. वस्तू कुठे बनली ते बघतात, बिल कुठून आलं ते नाही. जर्मन पंप आणून विकणाऱ्या पुणेरी डीलरचा माल भारतीय धरत नाहीत.

2 लाख स्विस फ्रँकपर्यंतच्या खरेदीला दरपत्रकं मागवतात. त्यावरच्या खरेदीत आधी बाजार-पाहणीची प्रश्नावली येते. ती भरून पात्र ठरलेल्यांनाच निविदा जाते, म्हणून प्रश्नावली बाजूला ठेवली की खेळ तिथेच संपतो. मालाच्या खरेदीत अटी पूर्ण करणाऱ्यांत सर्वांत कमी दर बघतात. निर्वाताच्या कामात अटी म्हणजे पोलादाचं प्रमाणपत्र, हेलियम गळती-चाचणी, ग्रीसमुक्त सफाई. यांतलं एक कमी पडलं तर स्वस्त दराचा काही उपयोग नाही.

कणाद_सोलापूर
सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. एमएससीच्या प्रकल्पापुरतं करारांशिवाय काही करता येईल का?

मेरां_मार्ग
नक्कीच. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसचा 2016 सालचा डेटा नॅनोएओडी या आटोपशीर स्वरूपात आहे. पायथन आणि त्यातल्या अपरूट या लायब्ररीने साध्या संगणकावर उघडतो, सीएमएसचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागत नाही. म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनसारख्या पण जड कणांच्या) जोड्या घ्या, त्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या आलेखात झेड बोसॉन या कणाचा उंचवटा 91 जीईव्हीजवळ (कणभौतिकीतलं वस्तुमानाचं एकक) दिसला पाहिजे.

दोन ठिकाणी हमखास चुकतं. डेटाला प्रमाणित रनांची (डेटा नोंदवण्याच्या फेऱ्यांची) यादी लावायचं राहतं, मग शोधक अर्धवट बंद असतानाच्या नोंदीही आत येतात. आणि सिम्युलेशन (संगणकावर बनवलेल्या टकरी) खऱ्या डेटाशी जुळवण्यासाठी त्याचं प्रमाण ठरवताना मुलं घटनांच्या, म्हणजे टकरींच्या, संख्येने भागतात. काही घटनांचं वजन ऋण असतं, म्हणून वजनांच्या बेरजेने भागायचं, आणि ती बेरीज कोणतीही निवड लावण्याआधीची घ्यायची.