बंदराचा आणि बातमीचा मालक एकच असेल तर?

देवगडकर : रायगडातील दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाने घेतले, २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही त्याच समूहाच्या ताब्यात गेली आणि २०२४ मध्ये तिची मराठी वाहिनीही सुरू झाली. नागोठण्यात पेट्रोरसायनांचा कारखाना चालवणाऱ्या रिलायन्सकडे २०१४ पासून नेटवर्क १८ हा वृत्तवाहिन्यांचा समूह आहे. या वाहिन्या खोटे सांगतात, असा माझा आरोप नाही. ‘सामना’ हे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे मुखपत्र म्हणून ओळखले जात असल्याने वाचक त्यातील मजकूर तोलूनच वाचतो. ज्या वाहिनीच्या मालकाचे इतर धंदे प्रेक्षकाच्या लक्षातही नसतात, तिचे वृत्त त्याने कशाने तोलावे?

चिपळूणकर : मालकाचे धंदे ‘लक्षातही नसतात’ म्हणताना थोडे थांबावे. अदानी समूहाविषयीच्या बातमीखाली एनडीटीव्हीच्या संकेतस्थळावर मालकी सांगणारी ओळ असते. आणि मक्तेदारी रोखणार कोण, सरकारच ना? १९५६ च्या किंमत-पृष्ठ कायद्याचा हेतू हाच होता. त्याखालील १९६० च्या आदेशाने किती किमतीला किती पाने द्यायची हे सरकार ठरवू लागले, तेव्हा पुण्याचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवला. शिवाय लहान मालक निःपक्षच असतो, हे कोकणात तरी कोणी म्हणू नये. ज्या वाळू ठेकेदाराच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर तालुक्याच्या साप्ताहिकाचा कागद येतो, त्याच्या खाडीतील सक्शन पंपांविषयी ते साप्ताहिक किती लिहिते? आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये सुरू झाले आणि १८४० मध्ये बंद पडले. भांडवलावाचून पत्र टिकत नाही.

देवगडकर : ठेकेदाराचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र साप्ताहिक गप्प बसले तर शेजारच्या तालुक्यातले दुसरे बोलू शकते. मोजक्याच समूहांच्या हाती सर्व वाहिन्या गेल्यावर ती वाट उरत नाही. मालकीची ओळ छापतात, हे चांगलेच आहे, परंतु ती छापलेल्या बातमीखाली येते. बंदरातील गाळ उपसल्यामुळे मासळी हटली, अशी तक्रार घेऊन एखादा कोळी आला आणि त्याची बातमी लागलीच नाही, तर ती ओळ कुठे छापणार? म्हणूनच वृत्तमाध्यमांत उद्योगसमूहांच्या प्रवेशावर निर्बंध असावेत आणि नियमन सरकारपासून स्वतंत्र असावे, असे दूरसंचार व प्रसारण क्षेत्राचे नियमन करणाऱ्या ‘ट्राय’ने ऑगस्ट २०१४ मध्ये सुचवले होते. त्यावर आजवर कायदा झालेला नाही.

हर्णैकर : आपण दोघेही वाचकाला सोडून बोलत आहात. चहाच्या कपाहून स्वस्त अंक आपल्याला हवा असतो. उरलेला खर्च जाहिरातदाराने किंवा मालकाने भरायचा आणि त्याने काही मागू नये, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

चिपळूणकर : न लागलेल्या बातमीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही ‘स्वतंत्र’ नियामकाची नेमणूक कोण करणार, हे आधी स्पष्ट झाल्याशिवाय मी त्या शिफारशीच्या बाजूने उभा राहणार नाही.