दिल्ली की ग्राफ श्पे? जहाजाच्या हलवरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

ओंकार, बी-५०२: नमस्कार. मे महिन्याच्या सुट्टीत बिल्डिंगमधली आम्ही सहा-सात जण मिळून रिमोटवर चालणारी युद्धनौका करतोय. शोकेसमध्ये ठेवायची नाही, लढणारी. हा छंद १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टेक्सासमध्ये सुरू झाला. १:१४४ मापाची जहाजं तळ्यात सोडतात, गॅसच्या छोट्या तोफांनी साडेचार मिलिमीटरचे छर्रे मारतात. बाजू पातळ बाल्सा लाकडाची असते, तिला भोकं पडतात आणि जहाज खरोखर बुडतं. मग दोरी बांधलेला तरंगता गोळा वर येतो, त्यावरून ते शोधून बाहेर काढतात. आम्हाला आयएनएस दिल्ली, म्हणजे आपल्या नौदलाची जुनी युद्धनौका, करायची आहे. हल, म्हणजे जहाजाचं डेकखालचं अंग, कसं करायचं, कुणाला माहिती आहे का?

वैशाली काकू, सी-३०२: ओंकार, छर्रे?? खाली दुसरी-तिसरीतली मुलं खेळत असतात.

ओंकार, बी-५०२: काकू, तिकडे काठावरच्या प्रत्येकाला गॉगल सक्तीचा असतो.

वैशाली काकू, सी-३०२: तू घालशील गॉगल. बॉल आणायला धावत आलेलं पोर घालणार आहे का? बोट करा, मला आवडेल बघायला, माझी लेकही येईल मदतीला. पण तोफ नको.

सेक्रेटरी: आवारात छर्रे चालणार नाहीत, हे आताच सांगून ठेवतो. बाकी काय लागणार ते लिहा.

नाईक काका, ए-१०३: ओंकार, तोफेचं राहू दे बाजूला. आधी हल. मी डॉकयार्डात ३४ वर्षं मोल्ड लॉफ्टमध्ये, म्हणजे जहाजाच्या रेषा आखतात तिथे, काढली, तेव्हा यावर मला बोलू दे. दिल्लीचं नाव घेतलंस म्हणून बरं वाटलं. लहानपणी वडिलांचं बोट धरून तिला बंदरात पाहिलं होतं. १९४८ मध्ये आपल्याकडे आली, १९७८ ला निवृत्त झाली. त्याआधी ती एचएमएस अकिलीस होती. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेत रिव्हर प्लेटच्या मुखाशी एजॅक्स आणि एक्झिटर या ब्रिटिश जहाजांसोबत तिने जर्मनीच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेला गाठलं. चार दिवसांनी जर्मनांनी ग्राफ श्पे स्वतःच्या हाताने बुडवली. त्या लढाईतलं जहाज पुढे तीस वर्षं आपल्या नौदलात होतं, हे मुलांना ठाऊक असायला हवं.

नाईक काका, ए-१०३: पण पहिलं हल दिल्लीचं घेऊ नका. मनापासून सांगतोय. कागद-पेन्सिल घ्या.

रोहिणी ताई, बी-२०१: काका, लिहा ना. माझे नववीचे विद्यार्थी हे गणित विचारतच असतात.

नाईक काका, ए-१०३: १:१४४ म्हणजे १२ फुटाला १ इंच. लांबी १४४ पटीने कमी होते. पण पाण्यावर जहाज किती वजन उचलणार ते त्याच्या घनफळावर ठरतं, आणि घनफळ १४४ गुणिले १४४ गुणिले १४४ पटीने कमी होतं, म्हणजे जवळपास ३० लाख पटीने. खर्‍या जहाजाचा एक टन आपल्याकडे ग्रॅमचा तिसरा हिस्सा. दिल्ली पूर्ण भरलेली ९ हजार टनांच्या वर. आपल्या हलला तीन किलोच्या थोडं वर मिळतात, बस. लांबी ११७ सेंटीमीटर आणि रुंदी जेमतेम १२. वीतभरही नाही.

नाईक काका, ए-१०३: आता माझ्या अंदाजाने आत काय जातं ते बघा. हल आणि डेक ७०० ग्रॅम. बॅटर्‍या ६००. दोन मोटरी आणि शाफ्ट ४००. आत आलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप २००. रेडिओ आणि सुकाणू फिरवणारी सर्व्हो मोटर १५०. गॅसची बाटली, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, तोफा मिळून ९००. बेरीज २ किलो ९५०. वरचे तोफांचे बुरूज, चिमणी, डोलकाठ्या अजून धरलेल्याच नाहीत. त्या सगळ्या वर असतात, म्हणजे गुरुत्वमध्य वर जाणार. १२ सेंटीमीटर रुंदीचं जहाज असं भरलं की वळताना आडवं होतं. आणि भोकातून पाणी आत शिरलं की ते एका बाजूला धावतं, मग सावरायला वेळच मिळत नाही.

रोहिणी ताई, बी-२०१: आणि ग्राफ श्पे?

नाईक काका, ए-१०३: १८६ मीटर म्हणजे १२९ सेंटीमीटर. रुंदी १५. भरलेलं वजन १६ हजार टन, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. लांबी दिल्लीपेक्षा वीतभरही जास्त नाही, पण उचलते पावणेदोन पटीने. हल निवडताना ही एवढी एक गोष्ट धरून ठेवा. फोटो बघून जहाज आवडतं, पण आधी ते किती किलो पेलतं ते मांडायचं. १९०९ च्या फोन डेर टान या जर्मन युद्धनौकेचं तर याच लांबीत सात किलोंवर जातं, रुंदी १८ सेंटीमीटर. शिकायला ती सगळ्यात सोपी. लढाईच हवी असेल तर मात्र ग्राफ श्पे.

ओंकार, बी-५०२: काका, समोर दिल्ली नसेल तर ग्राफ श्पे कुणाशी लढणार? 😔

नाईक काका, ए-१०३: दिल्ली मी करतो. एकटा, माझ्या गॅलरीत. तोफ आणि गॅस काढून टाकला की दोन किलो होतात, एक किलो हातात उरतो. तो बॅलास्ट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, म्हणून तळाशी ठेवला की ती सरळ उभी राहील.

ओंकार, बी-५०२: 🙏🙏 मग हल कशाचं? एक जण म्हणतो थ्रीडी प्रिंट करू, एक म्हणतो बाहेरून तयार फायबरचं मागवू.

नाईक काका, ए-१०३: तयार मागवलं तर वेळ वाचेल, पण तुम्ही शिकणार काय? प्रिंटचे सहा-सात तुकडे जोडावे लागतील, आणि भर उन्हात पार्किंगमध्ये राहिलं तर प्रिंटचं साधं प्लास्टिक, पीएलए, वाकतं. मी फायबरचं सांगेन. लालबागच्या मूर्तिशाळेत काय करतात ते पाहिलंय ना? आधी मातीची एक मूर्ती घडवतात, तिच्यावरून साचा, आणि साच्यातून हव्या तेवढ्या मूर्ती. आपलंही तेच. आधी लाकडाचा नमुना, त्यावर फायबरचा साचा, साच्यातून हल. पुढच्या वर्षी दुसरं करायचं झालं तर साचा तयारच असेल.

नमुन्यासाठी जहाजाच्या रेषांचा नकाशा १:१४४ ला प्रिंट करून घ्या. पाण्याच्या रेषेला समांतर एकेक थर फळीतून कापायचा आणि एकावर एक चिकटवायचा. पायर्‍या दिसतील, त्या रंध्याने काढायच्या, उरलेलं पुट्टी आणि पॉलिशपेपर. घाई इथेच नडते. लॉफ्टमध्ये आम्ही लाकडी जमिनीवर जहाजाच्या रेषा खर्‍या मापात काढायचो, लांब लवचिक लाकडी पट्टी (बॅटन) खिळ्यांमध्ये वाकवून. रेष बरोबर आहे का ते बघायला साहेब जमिनीला गाल लावून तिच्या एका टोकाकडून पाहायचे. तुम्ही रात्री दिवे घालवा आणि टॉर्च नमुन्याच्या बाजूला आडवी धरा, खड्डा-उंचवटा सावलीतून दिसेल. मग डोळे मिटून तळवा नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागे फिरवा. डोळ्याला न दिसलेलं हाताला लागतं. तो हात अडखळायचा थांबला की नमुना झाला.

रोहिणी ताई, बी-२०१: साच्यातून हल सुटतं कसं? चिकटणार नाही?

नाईक काका, ए-१०३: वॅक्सचे चार-पाच थर, प्रत्येक थर घासून, आणि वर पीव्हीए, म्हणजे हल सुटावं म्हणून लावायचा पातळ थर. आकारही बघावा लागतो. जुन्या फ्रेंच युद्धनौकांच्या बाजू वर जाताना आत झुकतात, ते हल एकसंध साच्यातून निघत नाही, साचा दोन भागांत करावा लागतो. ग्राफ श्पेला तो त्रास नाही.

फायबर घट्ट बसवणार्‍या रेझीनचं काम माझ्यासमोर करायचं. त्यात मिसळायचा हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो. तिथे गॉगल सगळ्यांना, मला सुद्धा. मिश्रण सकाळी लवकर, थोडं थोडं. मे महिन्याच्या उकाड्यात दुपारी कपातच घट्ट होतं. आणि सगळं पावसाआधी उरकायचं, दमट हवेत पॉलिस्टर रेझीनचा वरचा थर चिकट राहतो.

हल निघालं की बाजूला खिडक्या कापायच्या, मधे अरुंद पट्ट्या (रिब्स) ठेवायच्या आणि वरून ०.८ मिलिमीटरचं बाल्सा चिकटवायचं. आत तळाशी मधोमध एक पन्हाळ ठेवा, दोन्ही बाजू थोड्या उंच. आलेलं पाणी पन्हाळीतून थेट पंपाकडे गेलं पाहिजे, इकडे तिकडे डुचमळता कामा नये.

वैशाली काकू, सी-३०२: काका, पण तोफच नाही तर भोकं कशी पडणार?

नाईक काका, ए-१०३: हाताने. साडेचार मिलिमीटरच्या ड्रिल बिटने पाण्याच्या रेषेवर एक भोक पाडायचं आणि घड्याळ लावायचं. मग दुसरं, तिसरं. कितव्या भोकाला पंप हरतो ते वहीत लिहायचं. हल कसं झालंय ते यातूनच कळतं, त्याला छर्रा लागत नाही.

वैशाली काकू, सी-३०२: हे छान आहे. याला माझी पूर्ण परवानगी. फायबरच्या दिवसांत सगळ्यांचा नाश्ता माझ्याकडे.

सेक्रेटरी: पाणी कुठे भरणार? गच्चीवर नको. गेल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलंय.

ओंकार, बी-५०२: विसर्जनाचा हौद वापरू? ८ बाय ६ फूट आहे.

सेक्रेटरी: तो गणपतीचाच राहू दे, काहींना बरं वाटणार नाही. ताडपत्रीचा वेगळा करा, पार्किंगच्या कोपर्‍यात, पंपरूमशेजारी. एक फूट पाणी भरलं तरी साडेतेराशे लिटर होतं. दहा टक्के कपात चालू आहे, म्हणून एकदाच भरायचा आणि शेवटी तेच पाणी बागेला.

नाईक काका, ए-१०३: एक फूट पुरे. ग्राफ श्पे पाण्यात पाच सेंटीमीटर बुडते.

रोहिणी ताई, बी-२०१: वही माझ्याकडे. वेळ, भोकं, वजन, सगळं मुलींकडून लिहून घेते. ड्रिलही त्या चालवतील.

नाईक काका, ए-१०३: उत्तम. ओंकार, रविवारी सकाळी ८ ला खाली या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा आणि बॅटरी, मोटर, पंप जे घ्यायचं ठरलंय ते सगळं. एकेक वजन करून फळ्यावर लिहू. बेरीज पाच किलोच्या आत आली तरच फळी कापायची.

ओंकार, बी-५०२: हो काका. काटा आईकडून आत्ताच मागून ठेवतो.