पिफला रांग लावणाऱ्या पण ॲनिमेला नाक मुरडणाऱ्या मेंबरसाठी काय लावावं?

गच्चीवरचा_प्रोजेक्टर

दर शनिवारी कोथरूडला पाच-सहा जणांची बैठक असते, रात्री साडेनऊ ते बारा. त्यातला एक मेंबर पिफच्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) रांगेत तासभर उभा राहील, इराणी सिनेमा चवीनं बघेल, पण ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) म्हटलं की नाक मुरडतो. तीन दाखवून झाले, तिन्ही अर्ध्यावर सुटले. त्याचे आक्षेप त्याच्याच शब्दांत: "सगळे ओरडतात. मारामारी थांबवून स्वतःची शक्ती समजावून सांगतात. शाळेचे गणवेश आणि त्यावर रेंगाळणारा कॅमेरा. शंभर भाग झाले तरी शेवट नाही."

तर ओरिजिनल, हटके आणि संपणारं काहीतरी सुचवा. १३ भागांच्या आत बसलं तर उत्तम. इंग्रजी सबटायटल चालतात, जपानी कुणालाच येत नाही. एक अडचण म्हणजे हॉलमध्ये अधूनमधून आई-बाबाही येऊन बसतात.

रीळवाला

आधी एक घोळ मिटवू. ॲनिमेच्या धंद्यात 'ओरिजिनल' याचा अर्थ मांगा (जपानी कॉमिक), कादंबरी किंवा गेमवरून न घेतलेलं, थेट पडद्यासाठी लिहिलेलं. 'हटके' हा वेगळा मुद्दा. ओरिजिनल असून अगदी साचेबद्ध असे ढीगभर सापडतील, आणि मांगावरून घेतलेले काही इतके विचित्र आहेत की मूळ शोधावंसं वाटणार नाही. तुमच्या मित्राची शेवट नसल्याची तक्रार मात्र थेट या फरकाशी निगडित आहे. मालिकेचा खर्च बहुतेक वेळा निर्मिती समिती उचलते. प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणीवाले असे बरेच जण त्यात पैसे घालतात. चालू मांगाचे १२ भाग काढले की प्रकाशकाच्या दृष्टीनं ती पुस्तकाची जाहिरात असते, मग गोष्ट मध्येच तुटली तरी त्याचं काही अडत नाही. ओरिजिनलला मागे पुस्तकच नसतं, म्हणून लेखकाला गाठ तिथंच मारावी लागते.

अर्थात गाठ नीट बसेलच असं नाही. 'वंडर एग प्रायॉरिटी' (२०२१) हे त्याचं ढळढळीत उदाहरण. पहिले काही भाग चित्रांच्या दृष्टीनं अप्रतिम, पण आठवा भाग निव्वळ उजळणीचा निघाला. १२ भागांत गोष्ट मावली नाही म्हणून काही महिन्यांनी एक विशेष भाग आला, त्यातही बराच वेळ आधीचंच दाखवलं. यूट्यूबवरच्या क्लिपा बघून भुलू नका, हट्टी माणसासमोर तो लावूच नका.

माझी पहिली शिफारस 'ऑड टॅक्सी' (२०२१, १३ भाग, पूर्ण ओरिजिनल). टोकियोतला ४१ वर्षांचा टॅक्सीवाला ओडोकावा. दिसायला वॉलरस, स्वभावानं तिरसट, बोलणं मोजकं. (मुकाट्यानं मीटरवर येतो. तेवढी एकच गोष्ट पुणेकराला काल्पनिक वाटेल.) एक शाळकरी मुलगी बेपत्ता आहे आणि त्याच्या डॅशकॅमच्या चित्रणामागे पोलीसही आहेत आणि गुंडही. ओरडणं नाही, शक्ती नाही. अर्ध्याहून जास्त मालिका म्हणजे दोन माणसं गाडीत बसून बोलताहेत. पण दुसऱ्या भागात कुणी सहज टाकलेलं वाक्य अकराव्यात येऊन गळ्याशी बसतं. चौथा भाग जवळपास स्वतंत्र गोष्टच आहे: लहानपणी वर्गात खोडरबर जमवायची चढाओढ, आणि तोच माणूस मोठेपणी मोबाईल गेममधल्या एका डोडो पक्ष्यापायी वाया जातो. तो भाग पाहून जो उठला नाही, तो शेवटपर्यंत उठत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. 'इन द वूड्स' हा त्याचाच २०२२चा चित्रपट, पण तो बहुतांशी मालिकेचीच उजळणी आहे. वेळ वाचतो म्हणून आधी तो लावला तर सगळं रहस्य फुकट जाईल. आणि ऑडिओ जपानीच ठेवा. यानो नावाचा साळिंदर गुंड यमक जुळवूनच बोलतो, त्याचा ठेका मूळ आवाजातच ऐकण्यासारखा आहे.

लेन_प्रेमी

हटके हवं आणि 'सिरीयल एक्स्पेरिमेंट्स लेन'चं नाव नाही? १९९८, १३ भाग, दिग्दर्शक र्युतारो नाकामुरा, लेखन चिआकी कोनाका. मेलेल्या वर्गमैत्रिणीचा ईमेल येतो आणि लेन 'वायर्ड' नावाच्या जाळ्यात शिरते. विजेच्या तारांची घरघर, सावल्यांत लाल ठिपके, मिनिटभर कुणी बोलत नाही. इंटरनेटवरचा मी आणि घरातला मी वेगळे होण्याची गोष्ट, आणि तीही घरोघरी मोडेमही नव्हते तेव्हाची. इराणी सिनेमा पचवणाऱ्याला हे का जड जावं?

रीळवाला

त्याला जड जाणार नाही, उरलेल्या पाच जणांना जाईल. लेन एकट्यानं, हेडफोन लावून, दिवसाला एक-दोन भाग या बेतानं बघायचा. शनिवारी रात्री भडंगाची परात फिरत असताना ती घरघर कुणाला ऐकू येणार? तिसऱ्या भागाला कुणीतरी मोबाईल काढेल आणि दोष लेनच्या माथी येईल.

शाईचा_डाग

मी 'मोनोनोके' म्हणेन. २००७ची तोएई स्टुडिओची मालिका, दिग्दर्शक केंजी नाकामुरा, १२ भाग. जिबली स्टुडिओचा 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) वेगळा, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. शोधताना निम्मे लोक तिथंच चुकतात.

नाव नसलेला एक औषधविक्या. जिथं भूत आहे तिथं तो पोचतो, पण त्याची तलवार म्यानातून निघतच नाही. त्याआधी तीन गोष्टी कळाव्या लागतात: भुताचं रूप, घडलेलं सत्य आणि त्यामागचं कारण. एकेक उलगडली की मुठीवरचं राक्षसाचं तोंड खट्कन दात वाजवतं. म्हणजे अख्खी मालिका लढाईची नाही, चौकशीची आहे. खोलीत अडकलेली माणसं खोटं बोलत राहतात आणि तो शांतपणे विचारत राहतो. चित्र बघाल तर सगळ्या पडद्यावर जपानी कागदाचा पोत आहे, रंग जुन्या लाकूडठशाच्या चित्रांचे, आणि दृश्य बदलताना सरकती दारं बंद होतात.

यात पाच स्वतंत्र कथा आहेत, २-३-२-२-३ अशा भागांच्या. बहुतेक जण पहिल्यापासून लावतात. तुम्ही ८ आणि ९पासून सुरू करा. ती 'नुए'ची कथा. एका बाईशी लग्न करायला आलेले उमेदवार धुपाचा वास ओळखण्याच्या स्पर्धेला बसलेत. सगळं करड्या रंगात आहे, आणि धूप हुंगला की तेवढ्यापुरता रंग उमलतो. वास डोळ्यांनी दाखवायची ही युक्ती सिनेमावाल्या माणसाला पाच मिनिटांत पकडते. पहिले दोन भाग गाजलेले आहेत, पण त्यात वेश्यावस्ती आणि गर्भपाताचा विषय आहे. आई-बाबा हॉलमध्ये असतील तर ते नंतर एकटे बघा. २०२४पासून याच औषधविक्याचे नवे चित्रपट येताहेत, त्यांत चित्रं फार भराभर अंगावर येतात. आधी मालिका.

आता टीव्हीचं. प्रोजेक्टर असो वा टीव्ही, मोशन स्मूदिंग बंद करा. सॅमसंगवर ते 'ऑटो मोशन प्लस' नावानं असतं, एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो'. ॲनिमे सेकंदाला २४ फ्रेमचा असला तरी प्रत्येक फ्रेमला नवं चित्र नसतं. एकेक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. कुठं धरायचं आणि कुठं झटका द्यायचा हे ॲनिमेटरनं ठरवलेलं असतं. टीव्ही मधल्या जागी स्वतःची चित्रं घुसडतो, मग हाताच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात आणि सगळी हालचाल तेलात घोळल्यासारखी लिबलिबीत होते. 'ॲनिमे बघताना कसंतरी होतं' म्हणणाऱ्या माणसाच्या घरी आधी ही सेटिंग बघावी. काही टीव्हींवर ती प्रत्येक पिक्चर मोडला वेगळी असते, तेव्हा 'सिनेमा' मोड लावूनही पुन्हा तपासा.

गच्चीवरचा_प्रोजेक्टर

टीव्ही बघितला. ऑटो मोशन प्लस चालूच होतं! 😐 बंद केलं. सबटायटलचं काही असतं का? मागच्या वेळी कानावर एक आणि पडद्यावर दुसरंच असं चाललं होतं.

एन४_पुन्हा_एकदा

असतं. इंग्रजीच्या बऱ्याचदा दोन फायली असतात, एक नुसती 'इंग्लिश' आणि एक 'इंग्लिश सीसी'. सीसीवाली सहसा इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून बनवलेली असते. ऑडिओ जपानी आणि सबटायटल सीसी असं लागलं की ओठ, आवाज आणि अक्षरं तीन दिशांना जातात. जपानी ऑडिओबरोबर साधी इंग्लिश निवडा. आणि नेटफ्लिक्सच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. नावं वर जायला लागली की ते चित्र छोटं करून पुढच्या भागावर उडी मारतं. ऑड टॅक्सीची शेवटची काही सेकंदं हुकली तर तेरा भाग बघून काय मिळवलं?

शोधण्याबद्दल: कुठलं काय कुठल्या ॲपवर आहे ते बदलत असतं, भारताची यादी अमेरिकेच्या यादीसारखी नसते. इंग्रजी नावानं सापडलं नाही तर जपानी नावानं शोधा. 'पॅरानोइया एजंट' म्हणजे 'मोसो दाइरिनिन', 'टाटामी गॅलेक्सी' म्हणजे 'योजोहान शिन्वा ताइकेई'.

टाटामी गॅलेक्सी (२०१०, ११ भाग, दिग्दर्शक मासाआकी युआसा) कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. हटके यादीत तो पहिल्या तिनात, पण मोरिमी तोमिहिकोच्या कादंबरीवरून घेतलेला. क्योतोतला एक विद्यार्थी दर भागात वेगळ्या मंडळात नाव घालतो, दर वेळी कॉलेजची दोन वर्षं वाया घालवतो, आणि शेवटी घड्याळ उलटं फिरतं. अडचण अशी की नायक श्वास न घेता बोलतो. दोन ओळींचं सबटायटल वाचून होईस्तोवर तिसरं येतं. रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकणारे आमच्यासारखेही तिथं गळपटतात. गटात नको. वेबवर वेग पाऊणपट करून एकट्यानं बघता येतो, पण मग त्याची गंमत पाऊणपटच उरते.

आता ओरिजिनलचा हट्ट थोडा सोडणार असाल तर 'शोवा गेनरोकू राकुगो शिंजू' बघाच. मांगावरून घेतलाय, पहिला सीझन १३ भागांचा आणि स्वतःपुरता पुरेसा आहे. राकुगो म्हणजे जपानी एकपात्री. कलाकार उशीवर गुडघे मोडून बसतो आणि शेवटपर्यंत उठत नाही. हातात फक्त पंखा आणि एक पंचा. मान डावीकडे वळली की एक पात्र, उजवीकडे वळली की दुसरं. मिटलेला पंखा नूडल्सच्या काड्या होतो आणि भुरके मारल्याचा आवाज तोंडानं. मालिकेत हे प्रयोग तुकड्यातुकड्यांत न दाखवता सलग दाखवलेत. तळहाताचा घाम आणि प्रेक्षकांतली खोकल्याची उबळ यांसकट. भरत नाट्य मंदिरात ज्यानं दोन तास एकट्या माणसाचं ऐकलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या आई-बाबांनाही. पहिला भाग दुप्पट लांबीचा आहे, वेळ धरून लावा.

लेन_प्रेमी

लेन बाजूला ठेवतो, पण दिग्दर्शक सातोशी कोन राहिला की. पॅरानोइया एजंट, २००४, १३ भाग, मॅडहाउस स्टुडिओ, ओरिजिनल. सोनेरी वाकडी बॅट घेऊन स्केट्सवर फिरणारा एक पोरगा टोकियोत माणसांना बडवतो, आणि ज्यांना बडवलं त्यांना सुटल्यासारखं वाटतं. आठवा भाग आई-बाबांसमोर लावू नका, तिघे मिळून आत्महत्या करायला निघालेत आणि ते विनोदी आहे. दहाव्यात एका ॲनिमेच्या टीममधला एकेक जण मरत जातो, आणि कोण काय काम करतो याची माहितीही मध्येमध्ये येत राहते. तुमच्या सिनेमावाल्या मित्राला तोच सगळ्यांत आवडेल.

रीळवाला

सहमत. पण कोन काढलाच आहे तर मी माझीच शिफारस एक आठवडा मागे ढकलतो. पिफवाल्या माणसाला पहिल्या रात्री मालिका लावूच नये, चित्रपट लावावा. 'मिलेनियम ॲक्ट्रेस' (२००१), फक्त ८७ मिनिटं, ओरिजिनल. सिनेमा सोडून दिलेल्या वयस्कर नटीची मुलाखत घ्यायला माहितीपटवाला आणि त्याचा कॅमेरामन येतात. ती आठवण सांगायला लागते आणि हे दोघं थेट तिच्या जुन्या सिनेमांत जाऊन पडतात. दार उघडलं की सामुराईपट, घोडा धडपडला की युद्धपट. आठवण कुठं संपली आणि चित्रपट कुठं सुरू झाला ते एडिटिंगवरून कळत नाही, मुद्दामच. जपानी सिनेमाचा इतिहास थोडाफार माहीत असलेला माणूस त्यात आपोआप ओळखीच्या खुणा शोधायला लागतो, आणि शोधता शोधता नाक मुरडायचं विसरतो.

आई-बाबा बसणार असतील तर कोनचाच 'टोकियो गॉडफादर्स' (२००३): नाताळच्या रात्री तीन बेघर माणसांना कचऱ्यात तान्हं बाळ सापडतं. 'परफेक्ट ब्लू' मात्र नको, त्यातला एक प्रसंग त्यांच्यासोबत बघवणार नाही.

शाईचा_डाग

+१. 'सनी बॉय'ही (२०२१, १२ भाग, ओरिजिनल) यादीत असू दे, पण सगळं आवडून झाल्यावर. ३६ विद्यार्थी शाळेसकट पोकळीत वाहून जातात, पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, आणि कोण काय समजावून सांगेल ही अपेक्षा सोडून बसायचं. एका भागात अदृश्य माकडांच्या बेसबॉलची हकिगत नुसती बोलून सांगितली आहे, एक माकडही दाखवलेलं नाही.

गच्चीवरचा_प्रोजेक्टर

ठरलं मग. या शनिवारी मिलेनियम ॲक्ट्रेस आणि वेळ उरला तर मोनोनोके ८-९. पुढच्या शनिवारपासून ऑड टॅक्सी. साडेनऊ ते बारात पाच भाग बसतील ना?

रीळवाला

२४ मिनिटांचे पाच म्हणजे दोन तास, बसतील. तरी पहिल्या रात्री चारच लावा. चौथ्यानंतर थांबलात की खोडरबरावर बोलायला अर्धा तास लागतो. मग दुसऱ्या शनिवारी ५ ते ९, तिसऱ्या शनिवारी १० ते १३. शेवटचे चार तोडू नका, आणि त्या रात्री भडंग आधीच वाटून टाका.