इंजिनाच्या पुढच्या बाजूचा आवाज : तुम्ही त्याचे मूळ कसे शोधले?

गेल्या महिन्यापासून माझ्या गाडीच्या बॉनेटखालून, सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर, चिमणीच्या चिवचिवीसारखा बारीक आवाज येतो. तीन ठिकाणी गाडी दाखवली आणि तीन निदाने मिळाली : एकाने फॅन बेल्ट, दुसऱ्याने अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) बेअरिंग आणि तिसऱ्याने वॉटर पंप बदलायला सांगितले. तिघांनीही आवाज दोन-चार क्षण ऐकला, पण तो कुठून येतो हे कोणी तपासले नाही. एक भाग बदलून पाहायचा आणि आवाज राहिला तर पुढचा बदलायचा, या रीतीने पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो, म्हणून हा अनुभव धागा सुरू करत आहे.

आवाज कसा होता ते शक्यतो नेमक्या शब्दाने सांगावे. चिवचिव, शिट्टी, घरघर, खरखर, खडखड, टिकटिक हे सगळे वेगळे आवाज आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. तो केव्हा येई, कशाने बदले आणि अखेर दोष कशात निघाला, हेही लिहावे. एक खुलासा आधीच करतो : इंजिनाची पुढची बाजू म्हणजे गाडीचीच पुढची बाजू असे नाही. ज्या टोकाला क्रँक पुली (इंजिनाने फिरणारी आणि बेल्ट चालवणारी मुख्य पुली) आणि बेल्ट असतात ते इंजिनाचे पुढचे टोक, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे ते टोक एका चाकाच्या बाजूला येते.

नाशिकहून

माझ्या डिझेल गाडीची घरघर रेस दिली की चढत जाई आणि रेस सोडली की उतरे. गाडी उभी असतानाही ती येत असल्यामुळे चाकांच्या बेअरिंगची शंका पहिल्याच दिवशी मिटली. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या न फिरणाऱ्या आवरणावर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकले; तसेच वॉटर पंपाच्या आवरणावर आणि आयडलर पुलीच्या (बेल्टला फक्त वळण देणाऱ्या पुलीच्या) मधल्या बोल्टवर केले. आयडलरपाशी आवाज इतका मोठा झाला की हात आपोआप मागे आला. खात्रीसाठी इंजिन बंद करून बेल्ट उतरवला आणि एकेक पुली हाताने फिरवली. ग्रीस शाबूत असलेले बेअरिंग मऊपणे फिरते आणि लवकर थांबते, हा आयडलर मात्र कितीतरी वेळ मोकाट फिरत राहिला आणि बोटांना आत वाळू असल्यासारखी खरखर लागली. फक्त आयडलर बदलला. बेल्ट चांगला होता, तोच परत चढवला.

रत्नागिरीहून

आमच्याकडे पावसाळ्यात बेल्टची किंचाळी नवीन नाही, परंतु ती दमट हवेमुळे आहे की दोषामुळे, हे कळायला मला दोन पावसाळे लागले. शेजारच्या काकांनी, जे आयुष्यभर गाड्या दुरुस्त करत आले, एक साधी परीक्षा शिकवली. इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडे स्वच्छ पाणी उडवायचे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त, आणि पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजे ताण कमी पडतो आहे. माझ्या गाडीत आवाज वाढला. एका गॅरेजने त्याआधी दोनदा बेल्ट बदलला होता, प्रत्यक्षात बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग थकली होती. ही परीक्षा करताना मी ओढणी काढून ठेवते, केस बांधते आणि हात बेल्टपासून लांब ठेवते. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होऊ शकतो, हे प्रत्येकीने आणि प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

ठाण्याहून

माझा अनुभव बेल्टचा नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की इंजिनाच्या पुढच्या झाकणाआडून दोन-तीन सेकंद जोराची खडखड येई आणि मग सगळे शांत होई. दुपारी, इंजिन गरम असताना, कितीही वेळा सुरू केले तरी काही नाही. टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी आतली साखळी) ढिली झाली आहे, इंजिन उघडावे लागेल, असे मला सांगण्यात आले, आणि त्या खर्चाच्या आकड्याने मी अक्षरशः आठवडाभर झोपलो नाही.

मग विचार केला की आवाज फक्त पहिल्या काही सेकंदांत येतो, तर त्या सेकंदांत वेगळे काय घडते? चेनचा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑईल खाली उतरून गेले तर सकाळी दाब तयार होईपर्यंत चेनला आधार मिळत नाही. ऑईल फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, जी इंजिन बंद असताना ऑईल मागे वाहू देत नाही. मागच्या सर्व्हिसला बसवलेला फिल्टर स्वस्तातला होता. चांगला फिल्टर आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे ऑईल घातल्यावर दुसऱ्या सकाळपासून खडखड थांबली. प्रत्येकाच्या बाबतीत इतक्यावर भागेल असे मी म्हणणार नाही. इंजिन गरम झाल्यावरही खडखड चालू राहिली असती तर मी तशी गाडी एक किलोमीटरही चालवली नसती, कारण चेन सरकली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात.

कोल्हापूरहून

थोडक्यात लिहितो. ठरावीक रेसला येणारी किणकिण, त्याच्या वर आणि खाली काही नाही. एक्झॉस्टवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा एक बोल्ट गळून पडला होता.

सांगलीहून, ३४ वर्षे गॅरेजमध्ये काम केलेल्या एका वाचकाकडून

ज्याला तुम्ही वॉटर पंप म्हणता त्याला आम्ही वॉटर बॉडी म्हणतो, आणि आवाजांच्या बाबतीत मी सर्वांत जास्त काळजी तिचीच करतो. तिच्या अंगाला एक लहान छिद्र असते. आतले सील गेले की कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) त्या छिद्रातून झिरपते आणि वाळल्यावर पांढरट किंवा रंगीत डाग ठेवते. घरघर आणि हा डाग एकत्र दिसला तर थांबू नये. इंजिन थंड असताना पुली दोन हातांनी धरून पुढे-मागे हलवून पाहावी. ती डुलत असेल तर बेअरिंग गेले. काही इंजिनांत टायमिंग चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो आणि वॉटर बॉडी त्यावर चालते, तिथे ती अडकली तर टायमिंग बेल्टही जातो, आणि मग खर्च कित्येक पटींनी वाढतो.

एसीचीही परीक्षा सोपी आहे. आवाज फक्त एसी लावल्यावर येत असेल तर काँप्रेसरच्या आतले पाहावे. एसी बंद असतानाही येत असेल आणि लावल्याबरोबर त्याची जात बदलत असेल, तर काँप्रेसरची पुली आणि तिला काँप्रेसरशी जोडणारा क्लच पाहावा. पुलीचे बेअरिंग एसी बंद असतानाही फिरतच असते, हे पुष्कळांना माहीत नसते. अल्टरनेटरसाठी हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि पंखा एकदम लावून पाहावे. भार वाढल्यावर आवाज वाढला तर संशयाला जागा आहे. बेल्ट उतरवून इंजिन काही सेकंद चालवले आणि आवाज नाहीसा झाला, तर दोष बेल्टवर चालणाऱ्या भागांतच आहे हे नक्की होते. मात्र वॉटर बॉडी त्याच बेल्टवर असेल तर खरोखर काही सेकंदच चालवावे.

नव्या मुलांना मी एवढेच सांगत आलो की ग्राहकाला बोलू द्यावे. आवाज रोज ऐकणारा तो असतो, आपल्यासमोर गाडी येते तेव्हा बहुतेक वेळा इंजिन गरम आणि आवाज बंद असतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रत्नागिरीच्या ताईंनी सांगितलेली पाण्याची परीक्षा काल सकाळी केली. माझ्याकडे उलटे झाले : चिवचिव तीन-चार सेकंद पूर्ण थांबली आणि परत आली. त्यानंतर क्रँक पुलीच्या तोंडावर लोखंडी सरळ पट्टी धरून ती अल्टरनेटरपर्यंत नेली, तर अल्टरनेटरची पुली डोळ्यांना दिसेल इतकी मागे होती. मागच्या वर्षी अल्टरनेटर दुरुस्तीसाठी उतरवला होता, तेव्हा त्याच्या ब्रॅकेटमधला एक वॉशर परत बसवायचा राहून गेला होता. सांगलीच्या काकांनी म्हटल्याप्रमाणे या वेळी मेकॅनिककडे जाताना गाडी रात्रीच त्याच्या दारात ठेवली, म्हणजे सकाळी थंड इंजिनाचा आवाज त्याला स्वतः ऐकता आला. वॉशर बसवून पट्टी पुन्हा धरली, पुल्या एका रेषेत आल्या. आज सकाळी पाऊस होता, आणि इंजिन सुरू केल्यावर बॉनेटखालून काहीही वेगळे ऐकू आले नाही.