सर्जरी रेसिडेंटने कोणता कोर्स आधी करावा?

नवा_रेसिडेंट:
सर्जरीचं पहिलं वर्ष चालू आहे. कोणी म्हणतं एटीएलएस (अपघातातल्या जखमींना सांभाळायचा कोर्स) कर, कोणी म्हणतं लॅपरोस्कोपीचा (दुर्बिणीच्या ऑपरेशनचा) कर, कोणी म्हणतं ओटीत उभा राहा तेवढं पुरे. सुट्ट्या आणि पैसे दोन्ही मोजकेच, एखाददुसराच जमेल. आधी कोणता करू? आणि खरंच उपयोग होतो का?

टाकेवाला:
एटीएलएस, डोळे झाकून. 1976 मध्ये नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जनचं विमान कोसळलं, बायको जागीच गेली, मुलं जखमी झाली आणि जवळच्या हॉस्पिटलात जी ट्रीटमेंट मिळाली ती बघून तो हादरला, त्यातून हा कोर्स उभा राहिला. 1980 पासून अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स चालवतं.
मी केला तेव्हा खोट्या पेशंटच्या मोडलेल्या मांडीतच गुंतलो होतो, रक्त दिसत होतं ना, आणि इकडे तो बोलायचा थांबला होता. इन्स्ट्रक्टरने एवढंच विचारलं, "एअरवे कोण बघतंय?" म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे का ते. अजून कॅज्युअल्टीत शिरताना ते कानात वाजतं. मॅन्युअल मात्र वाचूनच जा, न वाचता गेलास तर दोन दिवस नुसती धावपळ होते.

दुर्बीण_ताई:
सहमत. लॅपरोस्कोपीचा दुसऱ्या वर्षी कर, तोवर बॉक्स ट्रेनरवर (सरावाच्या पेटीवर) हात बसव. एफएलएसमध्ये, म्हणजे लॅपरोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांच्या कोर्समध्ये, हाताचे पाच टास्क असतात, त्यातला गॉज कापायचा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. गॉजवर वर्तुळ छापलेलं असतं, डाव्या हाताने नीट ताण दिला नाही की गॉज चुरगळते आणि कात्री रेषेबाहेर जाते. आपला डावा हात किती आळशी आहे ते तेव्हा कळलं. पण रोज वीस मिनिटं बसलीस किंवा बसलास तरच, नाहीतर सर्टिफिकेट राहतं आणि हात विसरतो.

रात्रपाळी:
क्रिस्पचं कोणीच बोललं नाही? रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा, आजारी सर्जिकल पेशंट कसा सांभाळायचा त्याचा. रात्री दोनला पोस्ट-ऑप पेशंटची नाडी 120, लघवी कमी, अशा वेळी काय बघायचं, सिनिअरला कधी उठवायचं, हे त्यात क्रमाने करून घेतात. वॉर्ड तुझ्याकडे असेल तर लॅपरोस्कोपीच्या आधी हा कर, जिथे मिळतो तिथे.

नवा_रेसिडेंट:
मनापासून आभार, एटीएलएसला नाव घालतो. मॅन्युअल किती आधी घेऊ?

टाकेवाला:
महिनाभर आधी. शॉकचा, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडतो त्याचा, चॅप्टर दोनदा वाच.